आरानच्या खडकावरील एक घर

हिरवेंगार आयर्लंड पाहावें म्हणून आम्ही रॉसाव्हीलच्या धक्क्यावर बोटींत बसलों आणि इनिश मोर बेटावर उतरतांच चकित झालों. जिकडे पाहावें तिकडे करडा चुनखडक! येथें शेती होते तरी कशी?

ज्या घरीं आम्ही उतरलों, तेथील आजीबाईंनीं या कोड्याचें उत्तर दिलें. "येथें माती मिळत नाहीं, ती करावी लागते," असें म्हणून त्यांनीं आम्हांस घरामागचें वावर दाखविलें. खडकांतील भेगा दगडांनीं बुजवावयाच्या, वर वाळूचे आणि समुद्रांतील शेवाळाचे थर पसरावयाचे. पिढ्यान्‌पिढ्या हें केल्यावर बटाट्यापुरती माती तयार होते. वेंचलेल्या दगडांच्या भिंतींना चुन्याचा थेंबही नाहीं. गुरें पलीकडे न्यावयाचीं असल्यास दगड उतरवून वाट करतात, आणि मागाहून ते पुन्हां रचतात.

याच बटाट्यानें आयर्लंडचा घात केला. १८४५ सालीं त्यावर रोग पडला. पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लाख माणसें अन्नावांचून व तापानें मेलीं, आणि तितकींच परागंदा झालीं. धान्य मात्र देशाबाहेर जातच होतें! पुढें १८८० सालीं मेयो परगण्यांतील कुळांनीं जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याला वाळींत टाकलें. त्याचें नांव स्वदेशीच्या चळवळींत आपल्याकडेही घरोघर झालें, हें वाचकांस ठाऊक आहेच. १९०३ च्या कायद्यानें अनेक कुळांना जमीन विकत घेण्याची सोय झाली. परंतु विलायतेची व अमेरिकेची वाट कांहीं बंद झाली नाहीं.

आजीबाईंचे दोन मुलगे बोस्टनला. तिसरा घरीं, चार गुरें राखतो, आणि सूनबाई प्रवाशांस खोल्या देऊन संसाराला हातभार लावतात. आतां नातूही सुतारकाम शिकण्यास गॉलवेला जाणार होता. रात्रीं शेगडीजवळ त्याचा बाप म्हणाला, "मग गुरें विकूनच टाकूं." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. आजीबाई पेल्यांत चहा ओतीत राहिल्या.

त्या रात्रीं वादळ झालें. पहाटे पाहतों तों कोसळलेल्या भिंतीचे दगड बापलेक मुकाट्यानें रचीत होते. आम्हीं नातवाला विचारलें, "तुम्ही तर निघालांत ना?"

"जाईन तेव्हां जाईन," तो हंसून म्हणाला, "पण गुरें तर आजच बाहेर पडतील!"

बोट सुटली तेव्हां भिंत कमरेइतकी झाली होती.