ठाण्याचा टोमणा

“याला ठाण्यास पाठविलें पाहिजे!” हा विनोद कल्याण-डोंबिवलींतील घराघरांत आम्हीं ऐकला आहे. १९०१ सालीं ठाण्यास मनोरुग्णालय स्थापन झालें आणि गांवाचें नांवच थट्टेचा विषय होऊन बसलें. आमच्या एका विद्यार्थ्याची आई या थट्टेच्या धास्तीनें वर्षभर डॉक्टरांकडे गेली नाहीं. विनोदानें पेरलेलें हें भय विनोदानेंच उपटतां येईल काय?

येईल, पण एका अटीवर. विस्कटलेले केस नि गरगरणारे डोळे काढून ‘वेडा’ दाखविणारें व्यंगचित्र रुग्णासच हंसतें. शि. द. फडणीस यांच्या शब्दविरहित चित्रांत मात्र हंसूं येतें तें वागण्यांतील विसंगतीचें. माणसाचा उपमर्द होत नाहीं. कुलूप लागलें कीं नाहीं हें दहादां परतून पाहणारा गृहस्थ कोणीं असा रेखाटला, तर वाचक म्हणेल, “हा तर मीच!” शंका सर्वांसच असते, ती आवरेनाशी झाली म्हणजे मंत्रचळ, आणि त्यास उपचार आहे, हें मग सहज पटतें.

याच ठाण्यांत १९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था काढली. “ठाण्यास जा” हा टोमणा सल्ला व्हावा, एवढेंच चित्रकारांपाशीं आमचें मागणें आहे.