उंची विकत घेऊ नये

पाम महाग असतो, हा समज सोसायट्यांच्या गेटवरच्या झाडांनी पसरवला आहे. बदलापूर पूर्वेला किंवा अंबरनाथच्या नव्या वसाहतींत टॉवर उभा राहिला, की ताबा देण्याच्या सुमारास ट्रकमधून बारा-पंधरा फुटी रॉयल पाम उतरतात. क्रेनने ते उभे करायचे, बांबूचे टेकू द्यायचे, बुंध्याला गेरू-चुना लावायचा. फ्लॅट घेणाऱ्याच्या डोळ्यांत पाम म्हणून हेच रूप बसतं. मग ज्याला आपल्या तळमजल्याच्या पट्टीत किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये पाम हवासा वाटतो, तो नर्सरीत जातो, सगळ्यात उंच झाडाचा भाव विचारतो आणि मनीप्लांट घेऊन घरी येतो.

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तीन गावांतल्या बाल्कन्या, अंगणं आणि सोसायट्यांचे कोपरे लावून देणं हे माझं काम. भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगते, की पाम लहान घ्या. नर्सरीवाला पैसे मागतो ते त्या झाडाने त्याच्या जागेत काढलेल्या वर्षांचे. ती वर्षं झाडाने आपल्याकडे काढली तर पैसे वाचतात आणि झाडही चांगलं होतं. यातला दुसरा भाग लोकांना पटत नाही, म्हणून तो नीट सांगायला हवा.

आंबा, जांभूळ यांचं खोड दरवर्षी थोडं जाड होत जातं. पामच्या खोडात ती सोयच नाही. म्हणून तो आधी जमिनीलगत बुंध्याची रुंदी जमवतो आणि ती जमली की मगच उंचीला लागतो. पहिली काही वर्षं नुसती पानं दिसतात, खोड दिसतच नाही. ‘ताई, झाड वाढत नाही हो,’ असे फोन मला येतात ते याच काळात. खरं तर झाडाचं सगळ्यात महत्त्वाचं काम तेव्हाच चाललेलं असतं. ही वर्षं काळ्या पिशवीत, मुळं गुंडाळलेल्या अवस्थेत आणि बेताच्या खतावर गेली, की बुंधा बारीक राहतो. पुढे जमीन कितीही चांगली मिळाली तरी तो अरुंद भाग भरून निघत नाही. उपासमारीची वर्षं खोडावर कायमची दिसतात. पामच्या खोडावरची जखमही भरत नाही. गणपतीत, दिवाळीत दिव्यांच्या माळा टांगायला लोक त्यात खिळे ठोकतात, तेव्हा माझा जीव तुटतो. आंब्याची साल जखमेवरून हळूहळू वळून येते, पामला मात्र तो खिळा आयुष्यभर वागवावा लागतो.

आपल्याकडे हा माल येतो बराचसा बाहेरून. आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियम आहे, गोदावरीच्या सुपीक मातीवरचं रोपवाटिकांचं मोठं केंद्र. तिथून ट्रक भरून पाम निघतात. काही माल पुण्याकडून, उरुळी कांचनच्या बाजूने येतो. इथे तो उतरतो बदलापूरहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या रोपवाटिकांत आणि तिथून उल्हासनगरच्या हातगाड्यांवर. हातगाडीवरच्या रोपाला पानं पुसून, तेल लावून चमकवलेलं असतं आणि भावात गाडीवाल्याची पायपीटही धरलेली असते. ती त्याची हक्काची कमाई आहे, पण चार-पाच रोपं घ्यायची असतील तर थेट रोपवाटिकेत जायला वांगणीची लोकल पकडावी. सकाळी कर्जतकडे जाणारी गाडी रिकामी असते. परतीला गर्दी सगळी मुंबईकडे निघालेली असते, तेव्हा रोपं मालडब्यातूनच आणावीत. हातभर उंचीची अरेका शंभराच्या आसपास मिळते; त्याच झाडाची सहा फुटी जोडी हजाराच्या घरात जाते. मृग लागला की सगळ्यांनाच झाडं लावायची असतात. मी खरेदी मेच्या शेवटी करते. तेव्हा गिऱ्हाईक नसतं, मालक बोलायला मोकळा असतो, आणि उन्हाने माना टाकलेल्या गर्दीत जे रोप ताठ उभं असतं ते बदलापूरच्या उन्हाळ्याला पास झालेलं असतं. इथे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ही परीक्षा लहान नाही.

निवड कशी करावी हे मला वांगणीच्या एका रोपवाटिकेत पिशव्या भरणाऱ्या मावशींनी शिकवलं. ‘ताई, पानं नंतर बघा. आधी पिशवी उचला. जड आसंल ती घ्या.’ पिशवी उचलली की माती मुळांनी धरलेली आहे की नुकतीच भरलेली आहे, ते हाताला कळतं. नंतर शेंडा बघायचा. पामला वाढीचा कोंब बहुधा एकच, खोडाच्या टोकाला. मधली न उघडलेली सुरळी हिरवी आणि घट्ट हवी. ती दोन बोटांत धरून अगदी हलकी ओढावी. सुटून हातात आली तर आत कुजलंय, भाव कितीही उतरवला तरी ते रोप घेऊ नये. बाहेरचं एखादं पान फाटलेलं, करपलेलं असलं तर मात्र बिनधास्त घ्यावं आणि त्या पानासाठी दहा-वीस रुपये कमी करून मागावेत.

अरेकाच्या पिशवीत आणखी एक फायदा दडलेला असतो. आपण जिला अरेका म्हणतो ती मूळची मादागास्करची. आपली सुपारी वेगळी. पिशवीत तिचं दाट बेट दिसतं, पण ते बहुतेक वेळा एक झाड नसतं. पिशवी लवकर भरलेली दिसावी म्हणून नर्सरीवाल्याने दहा-पंधरा रोपं एकत्र लावलेली असतात. पाऊस स्थिरावला की ती मी सोडवते. आदल्या संध्याकाळी पिशवी बादलीत बुडवून ठेवायची. सकाळी पिशवी चिरून गोळा ओल्या गोणपाटावर आडवा करायचा आणि नळाच्या बारीक धारेखाली माती सुटू द्यायची. मुळं दिसायला लागतात. दोरीसारखी, सगळी जवळपास एका जाडीची, टोकाशी पांढरट. ही टोकं जपायची. ओढून तोडायचं नाही. दोन रोपांच्या बुडाशी अंगठे घालून गोळा हलवत राहिलं की मुळं एकमेकांतून आपोआप सरकतात. एकेकटं रोप करण्याचा मोह टाळावा. तीन-चार रोपांचा जुडगा एका कुंडीत चांगला जगतो आणि लवकर भरतो. लावताना मुळं जिथून फुटतात ती रेघ मातीच्या बरोबरीने ठेवायची. खोल गेलं तर बूड कुजतं, वर राहिलं तर नवी मुळं हवेत सुकतात. मग महिनाभर सावली. एका पिशवीतून चार कुंड्या होतात, आणि वर्षा-दीड वर्षात त्या चारही कुंड्या मूळ पिशवीपेक्षा देखण्या दिसतात.

याहून स्वस्त पाम म्हणजे फुकटचा. आपल्या सोसायट्यांमधून दरवर्षी पामच्या बिया झाडून कचऱ्यात जातात. रॉयल पामच्या मण्यांएवढ्या बिया, फिशटेलच्या घोसांतली लालसर फळं, सगळं वॉचमनच्या खराट्याखाली जातं. विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. बी ताजं आणि पिकलेलं हवं. पामचं बी बरण्यांत साठवून ठेवायची गोष्ट नाही. दोन-तीन दिवस पाण्यात भिजवायचं, पाणी रोज बदलायचं, गर चोळून काढायचा. फिशटेलच्या गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्याने हाताला भयंकर खाज सुटते, म्हणून रबरी मोजे घालावेत आणि लहान मुलांना हे काम देऊ नये. मग ओलसर कोकोपीट आणि रेती, झाकणाचा प्लास्टिकचा डबा, उबदार जागा. अरेका महिना-दोन महिन्यांत उगवते. फिशटेल सहा महिनेही घेतो, तेवढा वेळ डबा टाकून देऊ नये.

हा वाटेवर दिसणारा एकखोडी फिशटेल म्हणजे आपला भेरली माड. सह्याद्रीच्या ओल्या घळींतला. शोभेच्या झाडांच्या यादीत त्याचं नाव इंग्रजी झालं म्हणून तो परदेशी वाटतो इतकंच. त्याचं आयुष्य समजून घेऊन तो लावावा. तो वरून खाली फुलत येतो. पहिला घोस शेंड्याजवळ, पुढचा त्याच्या खाली, असं करत शेवटचा घोस आला की झाड मरतं. लावणाऱ्याला हे ठाऊक नसलं की तो औषधं फवारत बसतो. जंगलातून मात्र त्याचं रोप उपटून आणू नये. बी रस्त्याकडेला भरपूर मिळतं.

अंगण असेल तर माझी पहिली पसंती सुपारीला, आपल्या पोफळीला. कोकणातल्या वाड्यांनी शेकडो वर्षं तिला सांभाळलं आहे, श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. नारळाच्या सावलीत मसाल्याची झाडं लावायची त्यांची ‘लाखी बाग’ मोठ्या शेतकऱ्यासाठी असली, तरी तिच्यातली गोष्ट आपल्या पट्टीतही उपयोगी पडते. कोवळ्या पोफळीला सावली लागते. पश्चिमेचं दुपारचं ऊन खोडावर बसलं की साल भाजते, चिरते, आणि पामची जखम भरत नाही हे वर आलंच. कोकणात नैर्ऋत्येकडून खोडाला झावळ्या किंवा विऱ्या बांधतात. इमारतीच्या पूर्वेची जागा दिली तर तेही करावं लागत नाही. उल्हासनगरच्या कॅम्पांत, जुन्या लष्करी बराकींच्या जागी उठलेल्या दाटीच्या घरांत मी पोफळी लावल्या आहेत. दोन भिंतींमधला तो अरुंद बोळ सकाळी दोन तास उन्हात असतो आणि पोफळ तिथे आनंदाने सरळ वर जाते.

काही गोष्टींवर पैसे घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. सायकस पामच्या भावात आणि पामच्या नावाने विकलं जातं. ते पाम नव्हे, आणि त्याच्या बिया कुत्र्यांना विषारी असतात. ‘हवा शुद्ध करणारा’ म्हणून अरेकाच्या कुंडीवर जादा पैसे लावतात. हा दावा ज्यावर उभा आहे, तो १९८९ साली नासाने केलेला प्रयोग बंद पेटीत होता. उघड्या खिडकीच्या घरात चार कुंड्यांनी तसा फरक पडत नाही. अरेका सुंदर दिसते, एवढं कारण पुरेसं आहे. फॉक्सटेल पाम मात्र आता घेण्यासारखा झाला आहे. ऑस्ट्रेलियातल्या या झाडाला शास्त्रीय नाव मिळालं १९८३ साली. सुरुवातीला बी दुर्मीळ म्हणून भाव चढा होता. आता बी सगळीकडे धरतं आणि लहान रोपं परवडतात.

कुंडीचा खर्च रोपाहून जास्त होतो, तिथे रंगाच्या रिकाम्या बादल्या चालतात, बुडाला भोकं पाडून. अंबरनाथ एमआयडीसीच्या आसपास भंगारात स्वस्त ड्रम मिळतात, पण आत काय भरलेलं होतं ते सांगता येत नसेल तर तो ड्रम घरी आणू नये. वालधुनी नदीच्या काठचा गाळही आणू नये, तो कितीही काळा आणि कसदार दिसो. लाल माती, शेणखत, थोडी रेती, मूठभर निंबोळी पेंड. पाणी मुरलं पाहिजे, साचता कामा नये.

जुनी पानं पिवळी पडून त्यांवर नारिंगी ठिपके आले की पालाश कमी पडतंय. अशा वेळी माळी पिवळी पानं कापून झाड ‘स्वच्छ’ करतात आणि ते आणखी खंगतं, कारण झाड जुन्या पानांतलं पालाश काढून नव्या पानाला देत असतं. पान पूर्ण तपकिरी होईपर्यंत राहू द्यावं. पान मधे हिरवं आणि कडेने रुंद पिवळं असेल तर मॅग्नेशियम सल्फेट द्यावं. खताच्या दुकानात ते स्वस्तात मिळतं.

नवं पान उघडताना कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखं दिसलं तर गेंड्या भुंगा आला. तो कोवळ्या सुरळीत घुसतो आणि शेंडा गेला की झाड गेलं. नारळाला तो जास्त धरतो, पण रॉयल पामही सोडत नाही. भोकातून तारेच्या आकड्याने तो ओढून काढायचा, वरच्या पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू भरायची. त्याची अंडी-अळ्या अर्धवट कुजलेल्या शेणात वाढतात. म्हणून खड्ड्यातलं खत उलटून बघितल्याशिवाय बुंध्याशी घालू नये. जाड पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या दिसल्या तर वेचून माराव्यात.

लहान रोप घेताना ते शेवटी केवढं होणार हे आधी बघावं लागतं, कारण पिशवीत सगळेच सारखे दिसतात. रॉयल पाम मूळचा क्युबाकडचा, साठ फुटांच्या वर जातो आणि त्याची एकेक वाळलेली झावळी काही किलोंची असते. पार्किंगवर किंवा विजेच्या तारेखाली तो लावला की भांडणं सुरू होतात, आणि पुढे तोडायचा म्हटलं तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली नगरपरिषदेची किंवा महापालिकेची परवानगी काढावी लागते. त्यापेक्षा चार फुटी पट्टीत दर नऊ फुटांवर एक पोफळ, मधल्या जागेत अरेकाचे जुडगे, आणि काळोख्या जिन्याजवळ कुंडीत रॅपिस. रॅपिस सावकाश वाढतो, म्हणून मोठा घ्यायला गेलं तर पामांत तोच सगळ्यात महाग पडतो. लहान कुंडी घ्यावी, बुडाशी नवे कोंब फुटू द्यावेत आणि दोन-तीन पावसाळ्यांनी गड्डा करवतीने कापून शेजारणीला अर्धा द्यावा.