पाऊल थांबवणारे पठार

बेल्जियम म्हटले की आपल्या समाजाला अँटवर्पचा हिरेबाजार आठवतो. तेथे आपली अनेक कुटुंबे स्थायिक आहेत; विल्राइक उपनगरात संगमरवरी जिनालयही आहे. हा झाला देशाचा डचभाषिक उत्तर भाग. नातलगांकडे जाणाऱ्यांनी दक्षिणेकडील फ्रेंचभाषिक वॅलोनियासाठीही दोन दिवस राखून ठेवावेत. म्यूज नदीकाठची नामूर आणि दिनां ही किल्ल्यांची शहरे, आर्देनची अरण्ये, ज्याच्या नावावरून ‘स्पा’ हा शब्द जगभर गेला ते खनिज झऱ्यांचे गाव, असे तेथे पाहण्याजोगे पुष्कळ आहे.

मला सर्वाधिक भावले ते लिएज प्रांतातील ‘ओत फान्य’ हे दलदलीचे पठार. बोत्रांज हे देशातील सर्वोच्च ठिकाण येथेच, ६९४ मीटरवर. ७०० चा आकडा गाठण्यासाठी १९२३ मध्ये तेथे मातीचा उंचवटा रचून पायऱ्या बांधल्या. पठार स्वतः मात्र फार संथपणे वाढते. पावसाच्या पाण्यावर जगणारे शेवाळ मरते, पण पाण्याखाली पुरते कुजत नाही. त्याचे थर साचून पीट बनते. वर्षाला भर पडते जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर थर ही हजार वर्षांची पुंजी! एप्रिल २०११ च्या वणव्यात येथील हजाराहून अधिक हेक्टर क्षेत्र होरपळले.

म्हणूनच येथे पावलांवर बंधने आहेत. दलदलीवरून लाकडी फळ्यांच्या वाटेनेच चालायचे. काही भागांत वाटाड्याविना प्रवेश नाही. ब्लॅक ग्राऊज या दुर्मीळ पक्ष्याच्या विणीच्या काळात काही क्षेत्रे बंद असतात. कोरड्या दिवसांत वणव्याची भीती वाढली की लाल ध्वज चढतात आणि कितीही दुरून आलेला प्रवासी मुकाट्याने माघारी वळतो.

त्या फळ्यांवरून चालताना मला ईर्यासमितीचे स्मरण झाले. जीवांची विराधना होऊ नये म्हणून साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात. तेथील नियमांमागचा हेतू निसर्गरक्षणाचा आहे, आपल्या परंपरेचा जीवदयेचा. पण दोन्हीकडे यात्रिकाच्या इच्छेपेक्षा पायाखालच्या जीवाला मान अधिक.

आपण श्रावक मात्र सहलीला निघालो की किती ठिकाणे ‘झाली’ याचाच हिशेब मांडतो. उद्या आपल्या एखाद्या तीर्थाच्या डोंगरावर, पक्ष्यांच्या विणीसाठी, असा लाल ध्वज चढला तर? ओळखीपाळखीने आत शिरण्याची वाट न शोधता, पायथ्याशीच हात जोडून परतणे आपल्याला जमले पाहिजे. तीही यात्राच ठरेल.