साडेसहाचं ऊन

लेक नोव्हेंबरात न्यू जर्सीला गेली, त्याला चार महिने झाले होते. धाकटा आधीपासून फिनिक्सला, अ‍ॅरिझोनात. दर रविवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही तिघं फोनवर भेटायचो. इथे राजमाचीच्या पायथ्याशी, आमच्या कोंडाणे गावात जेवणाआधीची वेळ, तिच्याकडे सकाळचे नऊ, त्याच्याकडे सात.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी साडेसहाला मी गोठ्यात म्हशीच्या धारेला बसले होते. फोन ओटीवर. धार काढून आले तर लेकीचे तीन कॉल येऊन गेलेले. मी उलट लावला, तिने उचलला नाही. साडेसातला धाकटा पडद्यावर आला आणि आम्ही दोघं तिची वाट बघत बसलो. पावणेआठ झाले. अवेळी तीनदा फोन का केला असेल, नातीला काही झालं असेल का, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मग तोच एकदम म्हणाला, "अगं आई, आज त्यांची घड्याळं पुढे गेली! आमची जात नाहीत ना, म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही." लेक तिच्या नऊला फोन करून, नातीला घेऊन रविवारच्या मराठी शाळेत गेली होती.

त्या रात्री धाकट्याने मला सगळं नीट समजावलं. लेकीकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजले की घड्याळ थेट तीनवर नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. उन्हाळ्यात तिथे दिवस पंधरा तासांचा होतो. तो पहाटे झोपेत वाया न जाता संध्याकाळी हाताशी यावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. आपल्याकडे जूनचा दिवस डिसेंबरपेक्षा सव्वादोन तासांनीच मोठा, त्यामुळे घड्याळ हलवण्याची गरज पडत नाही. अ‍ॅरिझोनाने १९६७ साली हे करून पाहिलं आणि पुढच्याच वर्षी सोडून दिलं. जिथे माणसं सूर्य कधी मावळतो याची वाट बघतात, तिथे संध्याकाळचं ऊन आणखी तासभर लांबवून करायचं काय? पण त्याच अ‍ॅरिझोनात नवाजो लोकांचा मोठा प्रदेश आहे. तो शेजारच्या राज्यांतही पसरलेला असल्याने ते घड्याळ हलवतात. त्यांच्या पोटात होपी लोकांचा प्रदेश, ते हलवत नाहीत. धाकटा एकदा त्या बाजूला मोटारीने गेला, तर एकाच दुपारी फोनमधले तास पुढेमागे होत राहिले.

हे ऐकताना मला नाना आठवले, माझे सासरे. ते रेल्वेच्या गँगमध्ये होते, घाटात. १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत सरकारने सगळ्या देशाचं घड्याळ एक तास पुढे ठेवलं होतं. नाना त्याला लढाईचा टाइम म्हणत. मुळात देशाची वेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावरून ठरलेली, १९०६ च्या १ जानेवारीपासून. आमचं कोंडाणं त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून आमचा सूर्य घड्याळापेक्षा छत्तीसेक मिनिटं मागेच असतो. त्यात लढाईचा तास मिळवला की सकाळी सहाची हजेरी सूर्याच्या हिशेबाने साडेचारच्याही आधी. त्यातून आमच्या उगवतीला राजमाचीचा डोंगर उभा. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांवरून ऊन खाली उतरायला आणखी वेळ लागतो. नाना सांगत, कंदील घेऊन निघायचं आणि रुळावर पोचून बराच वेळ काम झालं तरी कंदील विझवायची सोय नाही. मुंबईत तर लढाईआधीही दोन वेळा चालत, सरकारी आणि मुंबई टाइम, एकोणचाळीस मिनिटं मागे. महापालिकेने तो कित्येक वर्षं सोडला नव्हता. मला त्यात नुसता हट्ट दिसत नाही. ज्याला पहाटे उठून कामाला जायचं असतं, त्याला त्या एकोणचाळीस मिनिटांचा अंधार ठाऊक असतो.

प्रश्न आमच्या रविवारचा राहिला. साडेसातची वेळ ठेवावी तर लेकीचे दहा वाजणार आणि नातीची मराठी शाळा बुडणार. ती बुडू द्यायची माझी अजिबात तयारी नव्हती. आजीशी मराठीत बोलावं म्हणून तर पोर तिथे जाते. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. ऊन तापायला लागलं की आम्ही सकाळची शाळा भरवायचो. वाड्यांवरची ठाकरांची मुलं गारव्यात चालत यायची आणि ऊन चढायच्या आत घरी पोचायची. घड्याळ तेच, शाळाच पुढे सरकायची. मग एका म्हशीची धार सरकायला काय हरकत होती? रोज दहा मिनिटं अलीकडे, असं करत आठवडाभरात तिला साडेपाचची सवय लावली. धाकटा म्हणाला, "मला चालेल सहाला. उन्हाळ्यात इथे सगळे पहाटेच फिरून घेतात."

पुढच्या रविवारी साडेसहाला मी अंगणात बसून फोन घेतला. तोवर नातीने माझ्यामागे कायम ओटीवरचा दिवा आणि भिंतच पाहिली होती. सूर्य मावळतीला टेकला होता, त्याचं तांबूस ऊन थेट राजमाचीवर पडलं होतं आणि कातळाच्या घड्या न घड्या उजळल्या होत्या. ती ओरडलीच, "आजी, तुझ्यामागे डोंगर आहे!" मी फोन उलटा धरला. श्रीवर्धन दाखवला, मनरंजन दाखवला, तिच्या आईची शाळेची वाट दाखवली. लेक मागे गप्प उभी होती. मग हळूच म्हणाली, "आई, अजून थोडा वेळ तसाच धर."

तेव्हापासून मार्च ते नोव्हेंबर आमची वेळ साडेसहाची आहे. पावसात डोंगर ढगात असतो, तरी नात विचारतेच. गणपती झाले की ऊन दर रविवारी थोडं अलीकडे मावळतं. ऑक्टोबरच्या अखेरीस तिकडचं घड्याळ मागे जायच्या आधीच आमच्याकडे साडेसहाला काळोख होतो. अशाच एका रविवारी मी सवयीने फोन उलटा धरला, तर पडद्यावर काहीच नाही. "थांब," मी म्हटलं, "ऐक." घाटात गाडी चढत होती. मागून रेटणाऱ्या इंजिनांचा आवाज दरीतून येत होता, आणि तिने तो शेवटपर्यंत ऐकला.