वाडा, फ्लॅट आणि फारकत

‘आमच्या वेळी नव्हते हो हे घटस्फोट,’ हे वाक्य हल्ली लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यासारखं हमखास वाढलं जातं. बोलणारा साठी ओलांडलेला आणि आजूबाजूचे माना डोलावणारे. मीही त्याच वयाचा. त्या काळाची ओढ मलाही आहे, पण मान काही डोलावली जात नाही.

वाईला आमचा वाडा होता. पडवी, ओसरी, माजघर, मागे विहीर. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडयांची राखण करायची ती आम्ही पोरांनी, आणि अर्धा चीक फस्त करायचा तोही आम्हीच. रात्री माजघरात एकच लांबलचक सतरंजी. तिच्यावर कोण सख्खं, कोण चुलत, कोण नुसतंच सुट्टीला आलेलं, याचा हिशेब कुणी ठेवत नसे. इरावती कर्व्यांनी एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या आहेत: एक छप्पर, एका चुलीवरचं अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक देवधर्म. आमच्या घराला त्यातली प्रत्येक खूण लागू पडत होती. फक्त त्या चुलीपाशी पहाटेपासून रात्रीपर्यंत असायची ती माईआत्या, आणि ती त्या घरची लेक असूनही तिथे का असते, हे विचारायचं नाही, एवढं आम्हाला न सांगता कळलं होतं.

माईआत्या मिरजेकडे दिली होती. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत परत आली. ‘पत्रिका नीट पाहिली नव्हती’ इथपासून ‘त्यांनी दुसरी केली आहे’ इथपर्यंत कारणं कानावर यायची. दुसरी करणं हा १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने गुन्हाच होता, मुंबई राज्यात तर त्याच्याही आधीपासून बंदी होती. आमचे आजोबा वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत वाचणारे. त्यांना हे ठाऊक नसेल असं नाही. पण फिर्याद करायची म्हणजे मुलगी नांदत नाही हे चारचौघांत कबूल करायचं! त्यापेक्षा ‘माहेरी असते’ हे बरं.

तिच्या गळ्यात मंगळसूत्र शेवटपर्यंत होतं. चैत्रात हळदीकुंकवाचं बोलावणं तिलाही यायचं, पण ओटी भरायला तिला पुढे कुणी करत नसे, आणि तीही खांबाआड पन्ह्याचे पेले भरत राही. लग्नपत्रिकेत तिचं नाव कोणत्या आडनावाने घालायचं यावर दर वेळी खल व्हायचा. मग ते गाळलंच जायचं. तिची लग्नातली भांडी सासरीच राहिली. पिंप, कळशी, पितळी डबे, सगळ्यांवर तिचं नाव आणि तारीख कोरलेली. ती मागायला गेलं तर ‘कायमचं मोडलं’ असा अर्थ निघेल, म्हणून कुणी गेलं नाही. तिच्या नावाची कळशी मिरजेत दुसरीच बाई विहिरीवर नेते, असं ती एकदा हसत म्हणाली होती.

आमच्या वेळी घटस्फोट नव्हते ते असे.

आणि हे ‘आमच्या वेळी’सुद्धा आमच्या आळीपुरतंच खरं. भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या थोरल्या लेकीची पंचांसमोर काडीमोड झाली होती, पुढे पाट लागून ती दुसऱ्या घरी नांदत होती. गावोगावच्या कित्येक जातींत ही रीत जुनीच. १९५५च्या कायद्यानेही रूढीने चालत आलेली अशी फारकत मान्य ठेवली. आमच्या घरात मात्र हे बोलणं नाक मुरडूनच व्हायचं. शिक्षण वाढलं, शहरं आली की घटस्फोट वाढतात असं आपण धरून चालतो. विल्यम गूड या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली जगभरची कुटुंबं ताडून पाहिली, तेव्हा जपानचं उदाहरण उलटंच निघालं: तिथे मेइजी काळात घटस्फोटांचं प्रमाण मोठं होतं आणि कारखानदारी वाढत गेली तसं ते उतरलं. मोडलेल्या लग्नांची संख्या आणि काळाचा नवेपणा यांची गाठ इतकी सरळ नसते.

आपल्याकडे आकडा पाहायचा तर घटस्फोटाचा एकटा पाहून भागत नाही. २०११च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसं चौदा लाखांच्या आत होती. कागद न होता वेगळी राहणारी त्यांच्या जवळजवळ तिप्पट. एवढ्या माईआत्या, आणि काही माईकाकाही. संगमनेरला ऐंशीच्या दशकात परित्यक्तांची चळवळ उभी राहिली ती याच बायकांची. निशा शिवूरकरांनी पुढे ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ लिहिलं; त्यातलं ‘टाकलेल्या’ वाचताना मला आमचं माजघरच दिसतं.

तरी एक गोष्ट वाड्याच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. त्याने माईआत्याला ठेवून घेतलं. तिचं ताट कधी मोजून वाढलं गेलं नाही. आजारी पडली तर पाय चेपायला तीन सुना होत्या. बदल्यात तिच्याकडून पंचवीसेक वर्षं बिनपगारी स्वयंपाक करून घेतला, हेही खरं; पण मोडलेलं लग्न पोटात घालायला घराला तेवढं पोट होतं. १९५६च्या वारसा कायद्यालाही ही आत्या ठाऊक होती. मुलींना राहत्या घराची वाटणी मागता येणार नाही, असं त्याचं तेविसावं कलम म्हणे. राहण्याचा हक्क मात्र अविवाहित, विधवा, आणि नवऱ्याने टाकलेल्या किंवा त्याच्यापासून वेगळ्या झालेल्या मुलीला. म्हणजे वाटा नाही, कोपरा आहे.

तो कोपरा गेला वाडा विकला तेव्हा. आजोबा गेले, काकांच्या बदल्या झाल्या, ऐंशीच्या दशकात वाड्याच्या जागी इमारत उभी राहिली. तिघा भावांनी पुण्यात दोन-दोन खोल्यांचे फ्लॅट घेतले. कुणी वाईट नव्हतं, कुणी भांडलंही नाही. आत्याने चार-चार महिने पाळीपाळीने राहायचं ठरलं. तिची पत्र्याची ट्रंक कोथरूडहून सहकारनगर, तिथून बिबवेवाडी अशी रिक्षातून फिरू लागली. पोटगीचा विषय तेव्हा पहिल्यांदा निघाला, आणि वकिलाने सांगितलं की मॅजिस्ट्रेटसमोर १२५ कलमाखाली गेलात तर महिना फार फार तर पाचशे रुपये. केंद्राने ही कमाल मर्यादा काढली २००१ साली. तोवर आत्या नव्हती. मुलीला घराच्या वाटणीपासून अडवणारं कलमही २००५ला गेलं आणि वडिलोपार्जित मालमत्तेत तिला मुलाइतकाच हक्क मिळाला. महाराष्ट्राने तर तो १९९४लाच दिला होता, पण ज्यांची लग्नं त्याआधी झाली त्या वगळून.

गेल्या काही वर्षांत माझ्या भाचीबरोबर शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात जाणं झालं. आता कुणी ‘काडीमोड’ म्हणत नाही. ‘म्युच्युअल आहे ना? मग सोपं,’ म्हणतात. परस्परसंमतीचं हे कलम १९७६ साली आलं. वर्षभर वेगळं राहिल्यावर अर्ज, त्यानंतर सहा महिने थांबायचं. ही मुदत माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ला सांगितलं. बाहेरच्या बाकावर भाची आणि तिचा नवरा शेजारी बसून मोबाइलवर एकच यादी तपासत होते: मिक्सर, चांदीची दोन ताटं, निरांजनांची जोडी, तिचे पंधरा तोळे. ‘ताटं आईने दिली होती,’ ती म्हणाली. ‘हो, लिहिलंय,’ तो म्हणाला. मला कळशी आठवली. समुपदेशक बाईंनी दोघांना वेगवेगळं आणि मग एकत्र बोलावलं. तासभर समजूत घालून पाहिली, पण डोळे वटारले नाहीत.

सोपं काही नव्हतं, हे तिच्याकडे पाहून कळत होतं. आता ती आणि तिची मुलगी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. आमची बहीण-मेहुणे दोन स्टॉप पलीकडे. संध्याकाळी नात आजीकडे, रात्री आईकडे. ताप आला तर मात्र ऑफिसला सुट्टी कुणी टाकायची, इथून सगळं अडतं. माजघरात निजलेल्या पोराच्या कपाळावर जो हात पडेल तो पडत असे. दोन पगार आणि तीन माणसं एवढ्यात आजचं घर बसवायचं असतं, आणि मोडल्यावर ते त्याहून लहान होतं. वाड्याने न विचारता जे केलं ते आता कागदावर लिहून घ्यावं लागतं, आणि लिहून घेतलेलं पुष्कळदा पाळलंही जातं, हे मी पाहतो आहे.

त्यांच्या समझोत्यात मुलीच्या सणांचं वेळापत्रकसुद्धा आहे. वडिलांकडचा गणपती दीड दिवसाचा, आमच्याकडचा गौरींबरोबर जाणारा, त्यामुळे तिला दोन्हीकडे मोदक मिळतात. दिवाळीतल्या पाडव्यावर मात्र दोन्हीकडच्या आज्या हटून बसल्या आहेत, आणि वकिलांनी त्यात पडायला साफ नकार दिला आहे.