खोलीचा भास

साहित्याच्या वर्गात ‘खोली’ हा शब्द आम्ही सढळपणे वापरतो. ग्रीनलंडच्या हिमस्तरावर उन्हाळ्यात साचणाऱ्या तळ्यांची खोली उपग्रहचित्रांवरून कशी काढतात, हे वाचताना तो शब्द तपासावासा वाटला. पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषते, निळा उशिरा. म्हणून परतलेल्या प्रकाशावरून खोलीचा अंदाज बांधता येतो. मात्र तळ किती उजळ आहे, हे काठावरून गृहीत धरावे लागते. तळाशी काळपट धूळ असेल, तर उथळ तळेही खोल भासते. २०१८ साली प्रक्षेपित झालेल्या आइससॅट-२ उपग्रहाचा हिरवा लेसर पृष्ठभाग आणि तळ या दोहोंवरून परततो. त्याच्याशी हे अंदाज ताडून पाहता येतात. विद्यार्थ्यांसमोर एखाद्या दुर्बोध कवितेला ‘खोल’ म्हणण्यापूर्वी आम्हीही एवढे विचारावे : दिसते ती खोली आहे, की तळाचा काळोख?