गळ टाकण्यापूर्वी पंचांग

आमच्या नायगावच्या बिऱ्हाडी तरुण मंडळींनी यंदा मालवणास जाऊन कुरटे बेटाभोवती कयाकमधून, म्हणजे एकट्याने वल्हवावयाच्या चिंचोळ्या होडीतून, गळ टाकण्याचा बेत केला आहे. त्यास आमची संमती आहे. मात्र वडीलकीच्या नात्याने तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली ऋतूची. पावसाळ्यात दर्या खवळतो. सबब प्रस्थान मार्गशीर्षात.

दुसरी तिथीची. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची स्थूल वेळ निघते, हा कोकणचा जुना आडाखा. अष्टमीस सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेस उधाण येते; अष्टमीच्या आसपास भांग असल्याने पाण्याची ओढ मंद असते. नवशिक्याने तोच काळ साधावा.

तिसरी मर्यादेची. ज्या कुरट्यावर शिवछत्रपतींनी 1664 साली सिंधुदुर्गाचे काम आरंभिले, त्याभोवतीचे पाणी 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे. त्याच्या गाभ्यात मासेमारीस मनाई आहे. तेथे मासे निर्भयपणे वाढतात, म्हणूनच बाहेरच्या गाबीत बांधवांच्या जाळ्यात काही येते.

तेव्हा बेटाचे केवळ दर्शन घ्यावे, आणि गळ अभयारण्याबाहेर, जाणत्या गाबिताच्या सोबतीने टाकावा. मुलांनी हे मानले, यातच आमच्या सहलीचा निम्मा आनंद पदरी पडला!